मल्हारच्या सहीची चिठ्ठी

सोलापुरात कुणाला जुनं ग्राफिक्स कार्ड घ्यायचं असलं की तो समोरच्याला आधी विचारायचा, मल्हारची चिठ्ठी आहे का. चिठ्ठी असली की घासाघीस दोन वाक्यांत आटपायची. नसली तर म्हणायचा, मग नव्या पेठेत जाऊन चिठ्ठी घेऊन ये, तोवर मी चहा पितो.

ही चिठ्ठी म्हणजे काही कलेक्टर कचेरीतला दाखला नव्हता. तळहाताएवढा पिवळा कागद. त्यावर कार्डाचं नाव, त्याच्या पाठीवरच्या स्टिकरचे शेवटचे सहा आकडे, तारीख, चाचणीत पडलेला स्कोअर आणि खाली सही, मल्हार बिरप्पा बंडगर. सहीसुद्धा कशी, तर दहावीच्या हॉलतिकिटावर केलेली तीच, अक्षर न् अक्षर वाचता येणारी. माणसं मोठी झाली की सही वेडीवाकडी करायला लागतात. याला ते कधी जमलं नाही आणि त्याचं त्याला मनातून बरंच वाटायचं.

ज्यांना या गोष्टींचा गंध नाही त्यांच्यासाठी सांगतो. कॉम्प्युटरमध्ये चित्रं रंगवायचं जड काम जो भाग करतो ते ग्राफिक्स कार्ड. गेम खेळणारी पोरं, लग्नाच्या शूटिंगचे तुकडे जोडणारे, पूर्व भागातल्या कारखान्यांसाठी टॉवेल-चादरींची डिझाइनं काढणारे, सगळ्यांचा जीव त्यात अडकलेला. नव्याची किंमत ऐकली की माणूस खुर्ची धरतो, म्हणून जुन्याचा बाजार. जुनं कार्ड वरून पुसून चकाचक करता येतं, पण आत किती दम उरलाय ते पळवल्याशिवाय कळत नाही. ते पळवायचं काम मल्हारचं. पाच-सात मिनिटं कार्डाला एका अवघड हलत्या देखाव्यात पळवायचं, शेवटी पडद्यावर एक आकडा पडतो. पोरं त्याला बेंचमार्क म्हणतात. तो आकडा मल्हार चिठ्ठीवर उतरवायचा, एकाने कमी नाही की एकाने जास्त नाही. एकदा सख्ख्या मेहुण्याच्या कार्डाचा आकडा कमी पडला, तर बायकोने, पूनमने, दोन दिवस तोंड फिरवलं. आकडा तोच राहिला.

दुकानाच्या पाटीवर मात्र नाव विरुपाक्षचं होतं. पाटी विरुपाक्षची आणि चिठ्ठी मल्हारची, असा दोघांचा कारभार बारा वर्षं चालला. कागदावर भागीदारी नव्हती. कुणी शहाणं सांगायला आलं की, बाबा, वकिलाकडून चार ओळी लिहून घे, तर मल्हार त्याच्यावरच उखडायचा. विरूकडून लिहून घ्यायचं? मग उद्या आईकडूनही घ्यावं लागेल.

त्याचं हे असं का, ते समजायला जरा मागे जायला हवं. मल्हार मैंदर्गीकडचा, धनगराचा. बाप बिरप्पा मेंढरं राखायचा. उन्हाळ्यात रानं मोकळी झाली की दीडशे मेंढरं घेऊन तो विरुपाक्षच्या वडिलांच्या, सिद्धप्पांच्या रानात उतरायचा. मेंढरं रात्री रानात बसवायची, लेंड्यांचं खत जागच्या जागी पडतं, आणि त्याबद्दल शेतकऱ्याने रात्रीमागे ठरलेली ज्वारी मोजून द्यायची. हा व्यवहार तोंडी. ज्वारी सिद्धप्पांच्या लोखंडी शेराने मोजली जायची. सिद्धप्पा मोजायचे आणि बिरप्पा समोर घोंगडं पसरून दुसरीकडेच बघत पावसापाण्याचं बोलत बसायचा. दुसऱ्याच्या घरचं माप निरखून बघणं म्हणजे त्याला तोंडावर चोर म्हणणं, अशी त्यांच्यात रीत.

त्या रानात नऊ-नऊ वर्षांची ही दोन पोरं भेटली. विरुपाक्षने मल्हारला कानडी शिकवली, आधी अर्थातच शिव्या. मल्हारने त्याला गोफण फिरवायला शिकवली. सिद्धप्पांच्या घरी दोघं एका ताटात जेवायची, मल्हारच्या आईला, मायाक्काला, विरुपाक्ष आईच म्हणायचा. पुढे दोघं सोलापुरात एकाच खोलीवर राहून शिकले, आणि दुकान काढायची वेळ आली तेव्हा पैसा सिद्धप्पांचा लागला, हात मल्हारचा. मल्हारला त्यात काही वावगं वाटलं नाही. वाटायला हवं होतं, असं मला आता वाटतं, पण तेव्हा मलाही कुणी विचारलं नव्हतं.

आता मुद्द्याच्या यंत्राकडे येऊ. कार्डं तपासायला त्यांनी एक वेगळंच मशीन बांधलं होतं, त्याला दोघं काटा म्हणायचे. येईल ते कार्ड याच एका मशीनमध्ये बसवायचं, म्हणजे सगळ्यांना एकच न्याय. काटा बांधताना मल्हारने हट्टाने त्यात भारी प्रोसेसर बसवला. विरुपाक्ष कुरकुरला, की तपासायचंय कार्ड, मग खर्च प्रोसेसरवर कशाला. तेव्हा मल्हारने त्याला समोरच्या खानावळीत नेऊन समजावलं. आत बाई भाकरी थापत होती, बाहेर एक पैलवान जेवत होता. मल्हार म्हणाला, कार्ड म्हणजे तो जेवणारा आणि प्रोसेसर म्हणजे ती थापणारी. काय काढायचं, कुठे काढायचं, ते प्रोसेसरने सांगितल्याशिवाय कार्ड हलत नाही. तिचा हात चालला तर हा वीस भाकरी खाईल. तिचा हात सावकाश पडला तर हा पैलवान असूनही रिकाम्या ताटावर बसून राहील, आणि तू बाहेरून मोजशील तर म्हणशील, ह्याला भूकच नाही, आजारी दिसतोय. प्रोसेसर हलका असला की चांगल्या कार्डाचाही आकडा पडतो, आणि कार्डाच्या अंगावर दोष येतो.

विरुपाक्षला ते फार आवडलं. त्याने मल्हारकडून ते पुन्हा एकदा सांगून घेतलं. प्रोसेसर किती हलका झाला तर आकडा किती पडेल, हेही विचारलं. मल्हारने हौसेने सांगितलं. आपल्याला येतं ते दुसऱ्याला समजावून देण्यात त्याला जेवल्याइतकं समाधान मिळायचं.

गेल्या दोन वर्षांत मल्हार सकाळी कारखान्यांच्या डिझाइन ऑफिसांत मशीनं दुरुस्त करायला जायला लागला. अकरा-साडेअकराला दुकानात यायचा. तोवर आलेली कार्डं विरुपाक्षने काट्यात बसवून मशीन चालू करून ठेवलेलं असायचं. मल्हारने बसायचं, चाचणी चालवायची, आकडा उतरवायचा, सही करायची. दुकानाने विकायला काढलेल्या कार्डांचंही तसंच. पडद्यावर मोठ्या आकड्याखाली तपशिलाचं एक बटण असतं. ते दाबलं की प्रोसेसरला किती गुण पडले ते वेगळं दिसतं. काटा बांधल्यावर पहिलं वर्षभर मल्हार ते दाबायचा. मग सोडून दिलं. काटा आपला, प्रोसेसर आपला, चालू करणारा विरू. घरचं माप रोज उलटंपालटं करून काय बघायचं?

लोकांची कार्डं अलीकडे फार थकलेली यायला लागली होती, हे मात्र त्याच्या लक्षात आलं होतं. विकायला आणलेल्या चांगल्याचुंगल्या कार्डाचा आकडा साडेपाच, सहा हजारांवर अडकायचा. माणसाचं तोंड पडायचं. मल्हारलाही वाईट वाटायचं. विरुपाक्ष म्हणायचा, सोलापूरचं ऊन, धूळ आणि दिवसभर गेम बडवणारी पोरं, कार्डं टिकतील कशी. हे मल्हारला पटायचं, कारण ते विरुपाक्ष म्हणत होता.

मार्च महिन्यातल्या एका दुपारी प्रियंका काळे दुकानात आली. मूळची वैरागची, अक्कलकोट रोडच्या एका ऑफिसात टॉवेलांच्या डिझाइनवर काम करणारी, पंचविशीतली. चार महिन्यांपूर्वी तिने आपलं कार्ड इथेच देऊन त्याहून थोडं नवं घेतलं होतं. विरुपाक्ष बँकेत गेला होता. तिने काउंटरवर दोन पिवळ्या चिठ्ठ्या शेजारी शेजारी ठेवल्या.

मल्हारने वाचल्या. पहिली नोव्हेंबरातली, आकडा सहा हजार एकशे दहा. दुसरी तीन आठवड्यांनंतरची, आकडा दहा हजार तीनशे ऐंशी. कार्डाचं नाव एकच. स्टिकरचे सहा आकडेही एकच. आणि दोन्हींखाली, अक्षर न् अक्षर वाचता येणारी, त्याची सही.

त्याने आधी काय करावं, तर सही खोटी आहे का ते उजेडात धरून बघितलं. खरी होती. मग म्हणाला, आकडे लिहिताना चूक झाली असेल. प्रियंकाने पिशवीतून कार्डच बाहेर काढलं. ते तिच्या ऑफिसातल्या शिवूने डिसेंबरात याच दुकानातून घेतलं होतं, आणि मल्हारच्या चिठ्ठीवर दहा हजार पडलेत म्हणून ऑफिसभर मिरवत होता. तिने चिठ्ठी बघायला घेतली आणि सहा आकडे ओळखले.

"पाच वाजेपर्यंत त्याला परत द्यायचंय," ती म्हणाली. "मला पैशाचं बोलायचं नाही. हे कार्ड जळालंय की नाही तेवढं सांगा."

मग तिने कारण सांगितलं. तिचा धाकटा भाऊ भारत तिच्या मशीनवर गेम खेळायचा. नोव्हेंबरातली चिठ्ठी हातात पडली तेव्हा तिने घरी जाऊन ती त्याच्या पुढ्यात टाकली. माझ्या पोटापाण्याचं साधन तू जाळलंस, इथपासून सुरू झालं आणि तू आयतं खाणारा आहेस इथवर गेलं. पोरगं आठ दिवसांनी पुण्याच्या बाजूला एका कंपनीत कामाला लागलं. आईला फोन करतं, हिचा उचलत नाही.

मल्हारने स्वतःच्या हाताने कार्ड काट्यात बसवलं. मशीन विरुपाक्षने सकाळी ठेवलं होतं तसंच होतं. चाचणी लावली. देखावा पळू लागला, मध्येमध्ये अडखळत. आकडा पडला, सहा हजार नव्वद.

प्रियंकाचा चेहरा उतरला. म्हणजे दुसरीच चिठ्ठी खोटी, शिवू फसला आणि भारतने खरंच कार्ड जाळलं, असा तिने अर्थ लावला असणार. मल्हारने सवयीने कार्ड काढायला हात घातला आणि त्याचा हात तिथेच थांबला. कार्ड गार होतं. पंखेसुद्धा पुरते फिरले नव्हते.

आता हा धनगराचा पोरगा. आजारी मेंढराच्या कानाला हात लावला की चटका बसतो, हे त्याला बोलायच्या आधीपासून माहीत. जुनं, थकलेलं कार्ड पळवलं की तापतं, धापा टाकतं. हे तर सावलीत बसून उठल्यासारखं होतं. आणि एकदम त्याला आठवलं, गेल्या दीड-दोन वर्षांतली अशी कितीतरी कार्डं त्याने काढून हातात धरली होती आणि ती गारच होती. हाताला कळत होतं. डोक्याने विचारलं नाही.

त्याने तपशिलाचं बटण दाबलं. किती दिवसांनी दाबलं, त्यालाच आठवेना. प्रोसेसरचे गुण नेहमीच्या पाव होते.

मशीन बंद करून चालू करताना एक बटण दाबून धरलं की आतली मांडणी दिसते, कुठला भाग कसा चालवायचा ती. तिथे मल्हार शिरला. प्रोसेसरमध्ये आठ हात असतात असं समजा. त्यांतले सहा बांधून ठेवले होते आणि उरलेल्या दोघांनाही सावकाश चालायचा हुकूम होता. बाहेर नाव तेच दिसत होतं, भारी प्रोसेसरचं. आत भाकऱ्या थापायला दोनच हात होते.

खाली, जपून ठेवलेल्या मांडण्यांची यादी होती. एक टिचकी मारली की मांडणी बदलते, अर्धं मिनिटसुद्धा लागत नाही. यादीत दोन नावं होती. पहिलं malhar. ते त्यानेच काटा बांधला त्या दिवशी दिलं होतं, नीट चालणारी मांडणी म्हणून. दुसरं होतं malhar2.

ते नाव तो बराच वेळ बघत राहिला. चोरी करायला माणसाला दुसरं नाव मिळालं नाही. देवाचं टाकायचं, गावाचं टाकायचं, नुसता आकडा टाकायचा. विरूला चोरीलाही याच्याच नावाने हाक मारावीशी वाटली.

मल्हारने पहिली मांडणी लावून चाचणी पुन्हा चालवली. पंखे घोंघावले, कार्ड तापलं, देखावा न अडखळता पळाला. दहा हजार चारशे दहा.

"म्हणजे भारतने काहीच केलं नव्हतं," प्रियंका म्हणाली. मल्हारने होकारार्थी मान हलवली. तिने गरम कार्ड ओढणीत धरलं, दोन्ही चिठ्ठ्या उचलल्या आणि निघाली. तिने दोन शिव्या दिल्या असत्या तर मल्हारला बरं वाटलं असतं.

विरुपाक्ष आला तेव्हा मल्हारने पडदा त्याच्याकडे वळवला. त्यावर ती दोन नावं होती. विरुपाक्षने बघितलं, खुर्ची ओढली आणि पाण्याची बाटली तोंडाला लावली. घाबरला नाही, हे मल्हारला आधी खटकलं. नाही म्हणेल, चुकून झालं म्हणेल, असं मल्हारने धरलं होतं. विरुपाक्षने सरळ कबूल केलं. विकायला येणाऱ्याचं कार्ड थोडं कमी दाखवायचं, आपण विकताना खरं दाखवायचं. विकताना एकालाही खोटं दाखवलेलं नाही, हे त्याने दोनदा सांगितलं, जणू त्याबद्दल सत्कार व्हायला हवा. बाजारात सगळेच हे करतात, भाडं वाढलंय, मुलीची शाळा आहे. मल्हार ऐकत होता आणि त्याला त्यातलं काही ऐकू येत नव्हतं.

"माझ्या सहीखाली का?" त्याने विचारलं.

"तुझ्याच सहीला लोक मानतात की," विरुपाक्ष म्हणाला. "माझ्या सहीला कोण इचारतंय?"

हे तो चिडून बोलला नाही, चिडवायलाही नाही. असलेली गोष्ट सांगावी तसं सांगितलं. बारा वर्षं मल्हारने जपून जपून जी एक गोष्ट कमावली, मेहुण्याला नाही म्हणून, बायकोचा राग ओढवून घेऊन, ती या माणसाला एवढ्यासाठीच उपयोगाची वाटली. सही खोटी असती तर याला काहीच साधलं नसतं. ती खरी होती, म्हणून लोक मान ठेवत होते आणि हा केसाने गळे कापत होता.

किती जणांचं केलंस, असं मल्हारने विचारलं. विरुपाक्ष म्हणाला, मोजलं नाही. आणि मग, जुन्या मैत्रीतला हसू येईल असा काही भाग अजून शिल्लक आहे असं समजून, तो म्हणाला, "आनि शिकवलंस तर तूच. ती भाकरीवाली. आयतु, बिडु." झालं, सोड, असं. लहानपणी गोफणीचा दगड डोक्याला लागला तरी तो हेच म्हणायचा.

मल्हारने खणातून चिठ्ठ्यांची पुस्तकं काढली. प्रत्येक चिठ्ठीची कार्बन प्रत त्यात होती, तिच्या पाठीवर गिऱ्हाइकाचं नाव आणि फोन. चौदा पुस्तकं पिशवीत भरून तो तळघरातल्या त्या दुकानाच्या पायऱ्या चढून वर आला. मागून विरुपाक्षने हाक मारली, मल्ल्या, म्हणून. त्या हाकेला आजवर तो थांबला नाही असं झालं नव्हतं.

रविवारी तो बापाकडे गेला. बिरप्पा त्या वर्षीही सिद्धप्पांच्याच रानात मेंढरं घेऊन उतरला होता. सत्तरी ओलांडलेली, मेंढरं साठावर आलेली. सकाळची वेळ, बाभळीखाली बसून बापलेकांनी भाकरी आणि शेंगाची चटणी खाल्ली. मल्हारने सगळं सांगितलं. प्रोसेसर-कार्डाचं बापाला काय कळणार, म्हणून त्याने मापाच्या भाषेत सांगितलं, की घ्यायचा शेर वेगळा, द्यायचा वेगळा, आणि दोन्हींवर माझं नाव.

बिरप्पाने हात धुतले. मग म्हणाला, "सिद्धप्पाच्या शेराला बुडाशी पोचा हुता. आत आल्याला. मूठभर कमी बसायचं."

तो शेर मल्हारच्याही डोळ्यांपुढे होता. पोचाही होता. लहानपणी त्या खळग्यात पाणी साठवून दोघांनी मुंग्यांना तळं केलं होतं.

"तुमाला ठावं हुतं, आबा?"

"पयल्या वर्सापासनं."

"मग बोलला का न्हाई? मला तरी सांगायचं की. मी त्याच्यासंगं दुकान काडलं तवा तरी."

"तुमी एका ताटात जेवत हुता," बिरप्पा म्हणाला. "माजं मूठभर जात हुतं, ते माजंच जात हुतं. म्या न्हाय बगितलं, म्या उपाशी निजलो. तुज्या मापानं दुसऱ्याचं गेलं, लेका. ते तू बगायचं हुतंस."

मल्हारला बापाचाही राग आला, अगदी विरुपाक्षइतका. वीस-पंचवीस वर्षं हा माणूस फसत होता आणि त्याला त्याने चांगुलपणाचं नाव दिलं, आणि तो चांगुलपणा पोराला वारसा म्हणून दिला, त्यातला पोचा न सांगता. पण बोलण्यात खोट काढता येईना. तो उठला आणि मेंढरांमध्ये जाऊन उगाच उभा राहिला. रानाच्या पलीकडे सिद्धप्पांचं घर दिसत होतं. आजवर तिथे पाणी प्यायल्याशिवाय तो परत गेला नव्हता.

त्यानंतरचा महिना त्याने फोन करण्यात घालवला. कार्बन प्रतींवरून दोन वर्षांतल्या माणसांना शोधायचं, सांगायचं, की तुमच्या कार्डाचा माझ्या सहीचा आकडा खोटा असू शकतो. कुठला खोटा, कुठला खरा, ते त्यालाही सांगता येत नव्हतं, कारण काही कार्डं खरोखर थकलेली असणारच. मोहोळच्या एकाने फोन ठेवून दिला. एकाने विचारलं, मग आता काय, नुसतं सांगून काय उपयोग. एकाने फार समजूतदारपणे सांगितलं, की तुमच्यात वाटणीवरून बिनसलं असणार, आम्ही सगळं समजतो. नव्या पेठेत विरुपाक्ष हेच सांगत होता. चिठ्ठी आता त्याच्या भाच्याच्या सहीने मिळत होती आणि लोक घेतही होते.

मल्हारने घराच्या पुढच्या खोलीत नवा काटा बांधला. प्रोसेसर पूनमच्या भावाने उधार दिला, तोच, ज्याच्या कार्डाचा आकडा कमी पडला होता. गिऱ्हाईक म्हणाल तर आठवड्याला एखादं.

एप्रिलच्या शेवटी प्रियंका आली. हातात शिवूचं तेच कार्ड. मल्हारने तिच्यासाठी एक कागद आधीच लिहून ठेवला होता, पानभर. कार्ड चांगलं होतं, दोष मशीनचा होता, श्री. भारत काळे यांचा काहीही दोष नाही, असं सगळं, खाली तारीख आणि सही. चार वेळा लिहून पाचव्यांदा नीट उतरला होता. तो त्याने पुढे केला. भावाला पाठवा, म्हणाला.

तिने वाचला. घडी करून परत दिला.

"तुमची सही त्याने बघितलीय, दादा," ती म्हणाली. "तीच दाखवून मी त्याला बोलले होते."

मल्हारने कागद घेतला. तो कुठे ठेवावा ते त्याला कळेना, म्हणून हातातच धरून बसला.

प्रियंकाने फोन लावला, व्हिडिओ कॉल. प्रोसेसरचा सगळा प्रकार आईच्या तोंडून कळवून तिने त्याला आजच्या वेळेला तयार केलं होतं. पलीकडे भारत आला, कंपनीच्या कपड्यांत, कुठल्याशा भिंतीला टेकून. बहिणीकडे बघत नव्हता. तिने फोन पडद्यासमोर धरला आणि मल्हारला म्हणाली, लावा. मल्हारने कार्ड बसवलं आणि चाचणी लावायला हात पुढे केला.

"ताई, थांब," फोनमधून भारत म्हणाला. पाच महिन्यांत तो तिच्याशी पहिल्यांदा बोलला. "त्या माणसाला सांग, आधी प्रोसेसर दाखव."

बारा वर्षांत हे त्याला कुणी म्हटलं नव्हतं. मल्हारने मशीन बंद करून पुन्हा चालू केलं, बटण दाबून आतली मांडणी उघडली आणि पडदा फोनकडे वळवला. आठ हातांच्या आठच्या आठ ओळी चालू होत्या. भारतने त्या एकेक करून वाचायला सुरुवात केली, आणि तो पुरता वाचेपर्यंत मल्हार पडदा धरून उभा राहिला.